आधी थांबायला शिक

वागळे इस्टेट, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. गाड्यांविषयीची तुझी मते ठाम आहेत आणि ती तू कुणाची भीड न ठेवता मांडतेस, याचे मला मनापासून कौतुक वाटते. ऑटोमॅटिक गाडी चालवणे म्हणजे गाडी चालवणेच नव्हे, विजेच्या गाडीला जीव नसतो, शंभर अश्वशक्तीच्या खालची गाडी घेण्यात अर्थ नाही आणि २०२१ च्या अबू धाबीच्या फॉर्म्युला वन शर्यतीत लुईस हॅमिल्टनवर अन्याय झाला, असे सगळे तू एका दमात लिहिले आहेस. शेवटी, जाता जाता लिहावे तसे, मागच्या शनिवारी रात्री पाम बीच रोडवर मित्राच्या शेजारी बसून काटा १२० वर गेलेला पाहिला, हेही कळवलेस. माझे उत्तर मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण चार पानांच्या तुझ्या पत्रात ब्रेक हा शब्द एकदाही आलेला नाही.

तू अभियांत्रिकी शिकतेस, तेव्हा हे गणित तुला अवघड नाही. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद, एवढे धरून चल. ताशी ६० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटरांत थांबते, म्हणजे एकूण ३७ मीटर. ताशी १२० ला एकट्या त्या सेकंदातच ३३ मीटर निघून जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ८० मीटर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. आता याच गणिताचा पुढचा भाग नीट पाहा. ६० ने येणारी गाडी ज्या जागी पूर्ण थांबून उभी असेल, त्याच जागी १२० ने येणाऱ्या गाडीचा वेग अजून ११५ च्या वरच असतो, कारण तोवर तिचा ब्रेक जेमतेम लागू झालेला असतो. सानपाड्याच्या किंवा नेरुळच्या सिग्नलपाशी पहाटे रस्ता ओलांडणारा माणूस या दोन आकड्यांच्या मध्ये उभा असतो. तुझा मित्र चांगला चालवतो की वाईट, हा प्रश्न त्या ३७ मीटरांत उरतच नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तुझ्या वयाचा असताना माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. स्टिअरिंगपाशी गिअरची दांडी आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बंद डब्याला आतून लायनर दाबणारे ब्रेक, असलेली ती गाडी होती. मी तिचे इंजिन उघडले, हेड घासून घेतले, कार्ब्युरेटर बदलला आणि तिचा पिकअप असा वाढवला की मुलुंड चेकनाक्यापर्यंत माझ्याशी कुणी बरोबरी करू नये. ब्रेकचे लायनर मात्र जुनेच ठेवले, कारण त्यासाठी वेगळे पैसे लागले असते आणि ब्रेक काही मित्रांना दाखवता येत नाहीत. त्या पावसाळ्यापूर्वी आम्ही दोघे मित्र लोणावळ्याहून परतताना बोरघाट उतरत होतो. मी गिअर वरचाच ठेवला आणि प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत राहिलो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पेडल घट्ट लागे, पण गाडी हळू होईना. ड्रम तापले की लायनरची पकड जाते, हे मला तेव्हा ऐकून माहीत होते, पायाला माहीत नव्हते. मी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली म्हणून ती दरीत गेली नाही. मित्राच्या खांद्याचे हाड मोडले आणि तो हात त्याला पुढे कधीच पूर्ण वर करता आला नाही. चूक गाडीची नव्हती, रस्त्याचीही नव्हती. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे मला कोणताही ट्रकवाला सांगू शकला असता, पण मी विचारले नव्हते.

त्यानंतर मी शर्यती वेगळ्या नजरेने पाहू लागलो आणि माझे कुतूहल इंजिनावरून चाकांकडे वळले. १९५३ च्या फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या गाड्यांना डिस्क ब्रेक, म्हणजे फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणारे ब्रेक, होते आणि त्यांच्यापेक्षा ताकदवान फेरारीला ड्रम होते. तिथला लांबच लांब सरळ रस्ता संपताना सगळ्यांनाच जोरात ब्रेक मारावा लागे. डिस्क उघड्या असल्यामुळे हवेने लवकर थंड होत, ड्रम मात्र तासागणिक थकत जात. जग्वारचे चालक दर फेरीला उशिरा ब्रेक मारू शकले आणि चोवीस तास तसेच मारत राहू शकले. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन (तुझा हॅमिल्टन नव्हे) यांची जोडी जिंकली, तेव्हा सरासरी वेग ताशी १७० किलोमीटरच्या आसपास होता. त्या शर्यतीत थांबण्याची ताकद धावण्याच्या ताकदीवर भारी पडली, आणि आज तुझ्या वडिलांच्या गाडीच्या पुढच्या चाकांत जी डिस्क आहे तिचे मोल तिथे सिद्ध झाले.

दोनच वर्षांनी, ११ जून १९५५ ला, त्याच रस्त्यावर मोटर शर्यतींच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात झाला. हॉथॉर्नची जग्वार पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या इंधन-दुरुस्तीच्या जागेत, शिरण्यासाठी हळू झाली, तिच्या मागचा मॅकलिन टक्कर चुकवायला डावीकडे वळला आणि मागून कितीतरी जास्त वेगात येणाऱ्या लव्हेगच्या मर्सिडीजला वेळच उरला नाही. गाडी उडून प्रेक्षकांत गेली आणि लव्हेगसह ऐंशीहून अधिक माणसे गेली. चौकशीत कुणा एका चालकाला दोषी धरले गेले नाही. रस्ता जुन्या वेगांसाठी बांधलेला होता आणि गाड्या पुढे गेल्या होत्या. मला या घटनेत नेहमी एक गोष्ट जाणवते. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या वेगाने धावणाऱ्या आणि वेगवेगळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या एकत्र आल्या की धोका कुणा एकाच्या कौशल्याने टळत नाही. आपला घोडबंदर रोड रोज तसाच असतो. गायमुखच्या उतारावर तुझ्या पुढे रिक्षा असते, मागे भरलेला कंटेनर असतो आणि बाजूने दुचाकी निसटत असते. तुझी गाडी ज्या अंतरात थांबते त्या अंतरात तो कंटेनर थांबत नाही, म्हणून तिथे ब्रेक लवकर आणि हलका मारायचा असतो, आणि पाय पेडलवर जाण्याआधी नजर आरशात जायची असते. उशिरा ब्रेक मारण्याची फुशारकी तिथे कामाची नाही.

आता तुझ्या मतांकडे येतो. अश्वशक्तीविषयी आपले एकमत होणार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून एक आसनी शर्यतीची गाडी तयार केली, तीच फॉर्म्युला मारुती. इंजिन ७९६ सीसीचे, ताकद आजच्या बहुतेक हॅचबॅकपेक्षा कमी. आपल्याकडच्या कितीतरी चालकांनी त्या गाडीत धडे घेतले. नारायण कार्तिकेयनही त्यांपैकीच, जो पुढे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. कमी ताकदीची गाडी चालकाला जे शिकवते ते जास्त ताकदीची शिकवत नाही. वळणाआधी गरजेपेक्षा जरा जास्त ब्रेक लागला, तर गमावलेला वेग परत मिळवायला सगळा सरळ रस्ता खर्ची पडतो. त्यामुळे ब्रेक किती दाबायचा यापेक्षा तो केव्हा आणि किती अलगद सोडायचा, हे पायाला कळू लागते. मोठे इंजिन ही चूक झाकते. म्हणून तुला पहिली गाडी घ्यायची असेल, तर लहान आणि हलकी घे आणि उरलेले पैसे टायरमध्ये घाल.

अबू धाबीविषयी मात्र मी तुझ्याच बाजूचा आहे. अपघातानंतर सगळ्यांचा वेग आवरायला पुढे धावणाऱ्या सेफ्टी कारचा नियम त्या दिवशी जसा लावायला हवा होता तसा लावला गेला नाही, असे माझेही मत आहे. पण त्या शेवटच्या फेरीचे चित्रण पुन्हा पाहा आणि वाद बाजूला ठेवून फक्त पाचवे वळण पाहा. हॅमिल्टनचे कठीण रबराचे टायर चाळीसहून अधिक फेऱ्या धावलेले होते आणि त्याचा प्रतिस्पर्धी वेरस्टॅपेनचे मऊ रबराचे टायर नुकतेच बदललेले होते. दोघांच्या इंजिनांत फारसा फरक नव्हता. एकाला आतून शिरून उशिरा ब्रेक मारणे शक्य होते आणि दुसऱ्याला नव्हते. विश्वविजेतेपद तिथे ठरले. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, आणि धावणे, वळणे, थांबणे हे सगळे त्या चार तळहातांवर चालते. पूर्ण पकड थांबण्यात खर्च केली तर वळायला काही शिल्लक राहत नाही, हा त्याचा हिशेब आहे. तो ज्याला कळला त्याला शर्यत कळली.

विजेच्या गाडीचे म्हणशील, तर इंजिनाचा आवाज मलाही हवासा वाटतो आणि तो गेल्याची हळहळ खोटी नाही. पण ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेन सागराच्या काठी फॉर्म्युला ईची, म्हणजे विजेच्या गाड्यांची, शर्यत झाली, आणि तिथे धावलेल्या गाड्यांच्या मागच्या चाकांना नेहमीच्या थांबण्यासाठी आपण ओळखतो तसे ब्रेक नव्हते. मागची चाके मोटरच थांबवते आणि थांबवताना बॅटरीत वीज परत भरते. चालकाला वळणाआधी कधी पाय उचलायचा, हे मीटरागणिक ठरवावे लागते, कारण जो चांगला थांबतो त्याच्याकडे शेवटच्या फेरीसाठी वीज उरते. जीव नसलेल्या यंत्राकडून एवढे बारीक काम होत नाही. ऑटोमॅटिकविषयी थोडेच लिहितो. फेरारीने १९८९ साली स्टिअरिंगमागच्या कळीने बदलणारा गिअर शर्यतीत आणला, त्यांचा चालक मॅन्सेल याने पहिल्याच शर्यतीत ती गाडी जिंकून दाखवली, आणि पुढे क्लचचे पेडल गेल्यावर चालकांचा डावा पाय ब्रेकसाठी मोकळा झाला.

पाम बीचविषयी एवढेच सांगतो की सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितले असते. शर्यतीचा ट्रॅक बांधताना आधी विचार होतो तो गाडी थांबली नाही तर काय, याचा. वळणाबाहेर मोकळी जागा, खडीचा पट्टा, टायरच्या भिंती, झेंडा घेऊन उभे असलेले मार्शल आणि जागेवर तयार असलेली रुग्णवाहिका ही सगळी त्या प्रश्नाची उत्तरे आहेत. वाशीपासून बेलापूरपर्यंत यातले काहीही नाही. एका अंगाला कांदळवन आहे आणि दुसऱ्या अंगाला माणसांची घरे आहेत. पुढच्या वेळी तो मित्र गाडी काढेल तेव्हा तू बसू नकोस, आणि का बसत नाहीस ते त्याला त्या ३७ मीटरांच्या गणितासह सांग.

तुला शर्यतीत उतरायचे आहे, हे मी गंभीरपणे घेतो. कार्टिंगपासून सुरुवात कर, कारण बहुतेक सगळेच चालक तिथूनच येतात. विद्यार्थ्यांनी स्वतः शर्यतीची गाडी बांधायची, अशी फॉर्म्युला भारत ही स्पर्धा असते. कॉलेजच्या तिच्या संघात जागा असेल तर ब्रेकचे काम माग. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या त्या स्पर्धेत चारही चाके एकदम लॉक करून दाखवल्याशिवाय गाडीला धावण्याच्या चाचण्यांत उतरूच देत नाहीत. जमले तर एकदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मार्शल म्हणून उभी राहा. कठड्यामागे एक दिवस घालवलास की कोणता चालक शांत आहे आणि कोणता घाबरलेला, हे गाडीच्या नाकाच्या झुकण्यावरून ओळखू लागशील.

तोवर घरच्या गाडीत एक अभ्यास कर. डिक्की पूर्ण रिकामी कर, तिच्यात एक नारळ ठेव आणि नेरुळ ते ठाणे अशी ये की नारळ घरंगळल्याचा आवाज होऊ नये. माझ्या गुरूने, जो शाळेत फार गेला नव्हता पण ज्याचा हात सोन्याचा होता, मला हा अभ्यास त्या अपघातानंतर सहा महिने करायला लावला होता. ऐरोलीपर्यंत नारळ गप्प ठेवणे सोपे जाते, खरी परीक्षा पुढे ठाण्याच्या सिग्नलांवर होते. तिथे पुढच्या गाडीच्याही पुढचे दिवे पाहिल्याशिवाय तो गप्प राहत नाही.

दुसरे असे की तुझ्या वडिलांच्या गाडीत एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकमध्ये चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे, पण ती लागल्यावर पेडल पायाखाली कसे थरथरते हे घरात कुणालाही ठाऊक नसेल. बहुतेक लोक ती थरथर आयुष्यात पहिल्यांदा अपघाताच्या क्षणी अनुभवतात आणि घाबरून पाय उचलतात. आपण इथल्या एका कारखान्याच्या बंद आवाराची परवानगी काढू, जमिनीवर पाणी टाकू आणि ताशी ४० वरून तू पूर्ण ताकदीने ब्रेक मारशील, पुन्हा पुन्हा, आणि पेडल न सोडता गाडी वळवशील. पाऊस सुरू होण्याआधी हे झालेच पाहिजे, कारण पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येते आणि निम्मी पकड घेऊन जाते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता ये. टायरची नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत कायदा चालवून घेतो, मी पावसाळ्यात तीनच्या खाली चालवून घेत नाही, तेव्हा चारही टायर आणि ब्रेक ऑइल आपण मिळून पाहू. हवा मात्र तिकडेच, निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजायची आणि चारही आकडे कागदावर लिहून आणायचे, कारण इथे पोहोचेपर्यंत टायर तापलेले असतील आणि तो आकडा खरा नसेल.

तुझा,
काका