किरुना नगरपालिका एवढी विस्तीर्ण का आहे आणि तिचा कारभार कसा चालतो?

स्वीडनमध्ये नगरपालिका म्हणजे केवळ शहर नव्हे. देशाचा सर्व भूभाग 290 नगरपालिकांत विभागलेला असल्यामुळे डोंगर, जंगले आणि सरोवरेही त्यांच्याच हद्दीत येतात. किरुना ही त्यांपैकी सर्वांत उत्तरेकडील व क्षेत्रफळाने सर्वांत मोठी असून तिचा विस्तार सुमारे 20,000 चौरस किलोमीटर आहे, लोकसंख्या मात्र 25,000 हूनही कमी आहे. नॉर्वे आणि फिनलंड या दोन्ही देशांच्या सीमा तिला लागतात. स्वीडनचे सर्वोच्च शिखर केब्नेकाइसेही येथेच आहे.

दर चार वर्षांनी निवडून येणारी सभा स्थानिक प्राप्तिकराचा दर ठरवते आणि कार्यकारी समिती नेमते. शाळा, वृद्धांची देखभाल व पाणीपुरवठा नगरपालिकेकडे असतो, रुग्णालये मात्र प्रादेशिक परिषदेकडे.

माझ्या मते किरुनात सर्वांत कठीण जबाबदारी भूवापर नियोजनाची आहे. लोहखनिजाच्या भूमिगत खाणीमुळे जमीन खचत असल्याने शहराचे केंद्र सुमारे 3 किलोमीटर पूर्वेकडे हलवावे लागले; नवी नगरपालिका इमारत 2018 मध्ये सुरू झाली, तर 1912 मध्ये बांधून पूर्ण झालेले लाकडी चर्च ऑगस्ट 2025 मध्ये अखंड स्थितीत नव्या जागी नेण्यात आले.