क्रूवर जायचंय की तिकडे राहायचंय?

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिओफिजिक्सची एम.एस्सी. संपत आलीय, तेलशोधाच्या सिस्मिक कामात, म्हणजे लहरी सोडून जमिनीखालचे थर बघण्याच्या कामात, शिरायचंय आणि बाहेरच जायचंय. तुझे प्रश्न असे: आधी परदेशात मास्टर्स करू की थेट सर्व्हे क्रूवर, म्हणजे जागेवर जाऊन मोजणी करणाऱ्या तुकडीत, नोकरी धरू, तयारी नेमकी कशाची करू, आणि शेवटी जरा चाचरत, "ताई, हे तेलाचं अजून किती वर्षं चालेल?"

पहिल्या प्रश्नात तू दोन गोष्टींची एकच गाठ मारली आहेस. ती आधी सोडवू, बाकीचं पटापट होईल.

आपल्या धंद्यात परदेशी नोकरी मिळणं वेगळं आणि परदेशात राहायला मिळणं वेगळं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. जहाजावरच्या क्रूचा माणूस साधारण पाच आठवडे कामावर आणि पाच आठवडे घरी असतो. जमिनीवरच्या क्रूचं वेळापत्रक याहून कडक असू शकतं. जहाज एका देशाच्या कंपनीचं, त्यावर झेंडा दुसऱ्या देशाचा, काम तिसऱ्याच्या किनाऱ्यावर आणि तुझं कॉन्ट्रॅक्ट चौथ्या देशातल्या माणसं पुरवणाऱ्या एजन्सीशी. मी आधी वाळवंटातला क्रू आणि नंतर जहाज अशी मिळून सहा वर्षं काढली. पासपोर्टची पानं संपली, पण कुठल्याच देशाच्या दप्तरी मी तिथली रहिवासी नव्हते. २०१६ मध्ये नोकरी गेली तेव्हा माझ्या हातात अनुभवाची पत्रं होती आणि परतीचं तिकीट होतं. त्यानंतर मास्टर्स केलं, प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे कच्चा डेटा साफ करून त्याचं चित्र बनवण्याच्या कामात, खुर्ची मिळाली आणि नॉर्वेत स्टॅव्हेंजरला बस्तान बसलं ते त्या खुर्चीमुळे.

म्हणजे राहायचंच असेल तर ऑफिसातली खुर्ची हवी: प्रोसेसिंग सेंटर, तेल कंपनीतलं इंटरप्रिटेशन (त्या चित्राचा अर्थ लावणं) किंवा सॉफ्टवेअर. या खुर्च्या ह्यूस्टन, कॅल्गरी, लंडनचा परिसर, अ‍ॅबर्डीन, स्टॅव्हेंजर, पर्थ अशा मोजक्या गावांत आहेत, आणि बाहेरून येणाऱ्याला तिथलं दार बहुधा तिथल्याच पदवीने उघडतं. काम शिकायचं, थोडे पैसे गाठीला बांधायचे आणि जग बघायचं असेल तर क्रू. माझं मत विचारशील तर आधी क्रू, पण दोन-तीन वर्षांवर एक दिवस नाही. मी सहा वर्षं थांबले आणि तिशी उलटल्यावर पंचविशीतल्या पोरांबरोबर वर्गात बसले.

क्रू आधी का म्हणते, ते एका प्रसंगावरून सांगते. माझा वाळवंटातला पहिलाच महिना होता आणि मी ज्युनिअर ऑब्झर्व्हर, म्हणजे नोंदी घेणारी, होते. व्हायब्रेटर ट्रक ओळीने उभे राहतात, पोटाखालची जाड बेसप्लेट जमिनीवर टेकवतात आणि सगळे एका तालात थरथरायला लागतात. आमचा स्वीप, म्हणजे एक थरथर, बारा सेकंदांचा होता, ८ हर्ट्झपासून ८० पर्यंत चढत जाणारा. सुरुवातीचा घोगरा भाग कानाआधी तळपायाला कळतो. तर एका दुपारी स्प्रेड (लहर टिपणाऱ्या यंत्रांची जमिनीवरची रांग) पुढे सरकवताना मी नोंदीत एक स्टेशन, म्हणजे यंत्राची एक जागा, चुकवलं. दोन स्टेशनांत २५ मीटर अंतर. त्या चुकीवर आम्ही दोनशेहून जास्त शॉट घेतले (एक शॉट म्हणजे एकदा सोडलेली लहर) आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी प्रोसेसिंगच्या केबिनमधल्या बाईंनी मला हाक मारली. स्क्रीनवर शॉट रेकॉर्ड होता आणि त्यावर अंतर व वेग यांवरून काढलेली अपेक्षित वेळेची लाल रेषा. शॉटच्या डाव्या बाजूला खऱ्या लहरी रेषेच्या आधी पोचत होत्या, उजव्या बाजूला मागाहून. वरच्या थरात वेग सेकंदाला २००० मीटर धरला तर २५ मीटर म्हणजे साडेबारा मिलिसेकंद, आणि दोन्हीकडे फरक बरोबर तेवढाच. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त पेन्सिलीने पडद्यावरचा तो फरक दाखवला. क्रूच्या प्रमुखाने, पार्टी चीफने, रात्री मलाच बसवून सगळी नोंद दुरुस्त करून घेतली. तेव्हापासून कुठलाही डेटा हातात आला की मी आधी फर्स्ट ब्रेक, म्हणजे सगळ्यात पहिल्यांदा पोचलेली लहर, बघते. खाली तेल आहे की नाही ते नंतर. नुसत्या ऑफिसात वाढलेल्या माझ्या हुशार सहकाऱ्यांना हे शिकवावं लागतं, कारण त्यांच्यासाठी डेटा फाइलमधून येतो. तुला तो जमिनीतून येताना दिसेल.

जहाजाचं गणित वेगळं. मागे दहा-बारा स्ट्रीमर, म्हणजे लहर टिपणाऱ्या केबली, प्रत्येक सात-आठ किलोमीटर लांब, दोहोंत सुमारे १०० मीटर अंतर. लहर सोडणाऱ्या एअरगनमध्ये साधारण २००० पीएसआय दाबाची हवा. वेग साडेचार नॉट, दर २५ मीटरला शॉट, म्हणजे अकरा सेकंदांनी एक धप्प. बारा तासांची पाळी, आणि त्यात हे धप्प तुझ्या श्वासासारखं होऊन जातं. थांबलं की जाग येते. लाइन संपली की एवढा पसारा वळवायला दोन-तीन तास लागतात, आणि जेवण, भांडणं, घरचे फोन सगळं त्यातच उरकायचं. नवख्यांना जागा मिळते ती ऑब्झर्व्हर, नॅव्हिगेटर किंवा जहाजावरच्या प्रोसेसिंगच्या हाताखाली. गन मेकॅनिक हा यंत्रातल्या माणसाचा प्रांत.

आणखी एक दार लोकांना ठाऊक नसतं: देवमासे आणि डॉल्फिन यांच्यावर नजर ठेवणारे निरीक्षक. ब्रिटनच्या निसर्ग संवर्धनाच्या सरकारी सल्लागार संस्थेच्या, जेएनसीसीच्या, नियमांप्रमाणे गन सुरू करण्याआधी किमान ३० मिनिटं, आणि पाणी २०० मीटरहून खोल असेल तर ६० मिनिटं, समुद्र न्याहाळावा लागतो. ५०० मीटरच्या आत प्राणी दिसला तर गन सुरू करायला थांबायचं. पण हे काम जीवशास्त्राकडे झुकणारं आहे, जिओफिजिक्सची माणसं त्यातून पुढे सरकलेली मी फार पाहिली नाहीत.

बाई म्हणून विचारलं नाहीस, तरी सांगते. पन्नास-साठ जणांत आम्ही तिघी-चौघी असायचो. केबिनला आतून कडी असते, तक्रारीची रीतसर वाट असते, आणि बहुतेक वेळा सगळे आपापल्या थकव्यात असतात. त्रास झालाच तर पहिल्याच दिवशी लेखी दे. मी एकदा "बघू पुढे" म्हणत पूर्ण ट्रिप काढली आणि त्याचा मला अजून राग येतो.

आता कागदपत्रं. समुद्रावर जाण्याआधी नाविकांची वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षेचे कोर्स लागतात: जहाजासाठी एसटीसीडब्ल्यू, आणि हेलिकॉप्टरने जायचं असेल तर ह्यूएट किंवा बोसिएट. ह्यूएटमध्ये हेलिकॉप्टरचा सांगाडा तलावात बुडवून उलटा करतात, आणि पट्ट्याने बांधलेल्या माणसाने खिडकी ढकलून बाहेर यायचं असतं. नाकात पाणी जातंच, घाबरू नकोस. घाबरायचंय ते दुसऱ्या गोष्टीला. हातात ऑफर नसताना हे कोर्स स्वतःच्या पैशाने करू नकोस, आणि नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेव. नाविकाकडून भरतीची फी घ्यायला २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनने मनाई केली आहे. वैद्यकीय दाखला, नाविकाचं पुस्तक आणि पासपोर्ट, एवढाच खर्च तुझ्यावर पडू शकतो. व्हिसाचासुद्धा नाही.

तयारीबद्दल. तुझ्या सीव्हीत नऊ सॉफ्टवेअरची नावं आहेत. त्यातली सहा खोड. मी मुलाखतीत एक साधा प्रश्न विचारते, मलाही तोच विचारला होता: वेग सेकंदाला ३००० मीटर, वारंवारता ३० हर्ट्झ, तर किती जाडीच्या थराचा माथा आणि तळ वेगळे दिसतील? तरंगलांबी १०० मीटर, तिचा चौथा हिस्सा २५ मीटर. हे कागदाशिवाय आलं पाहिजे, आणि "वारंवारता वाढवू या" म्हणालीस तर खोलवर ती टिकत का नाही, हेही. फूरिये, कन्व्होल्यूशन, एलिअसिंग ही तीन प्रकरणं पाठ नकोत, हातात बसलेली हवीत.

मग एक गोष्ट स्वतः कर. अलास्कातल्या नॅशनल पेट्रोलियम रिझर्व्हमधली ३१-८१ ही जुनी जमिनीवरची लाइन (एका रेषेवरचा सर्व्हे) सगळ्यांना खुली आहे. कोलोराडो स्कूल ऑफ माइन्समधून आलेलं सिस्मिक युनिक्स हे प्रोसेसिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ती लाइन कच्च्या शॉटपासून स्टॅकपर्यंत (सगळ्या नोंदी मिळवून बनलेल्या चित्रापर्यंत) ने: जॉमेट्री, फर्स्ट ब्रेक, स्टॅटिक्स, वेग, सगळं. दोन महिने जातील, वैतागशील. सिस्मिक डेटा ज्या साच्यात ठेवतात ती एसईजी-वाय फाइल एकदा पायथनमध्ये बाइट मोजत उघडून बघ: सुरुवातीला ३२०० बाइटचा मजकूर, मग ४०० बाइटचा बायनरी हेडर, मग प्रत्येक ट्रेसआधी, म्हणजे एका यंत्राच्या नोंदीआधी, २४० बाइट. हा साचा १९७५ चा आहे आणि आम्ही अजून त्यातच राहतो. मजकुराच्या भागात लोक काय वाटेल ते लिहून ठेवतात, त्यावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. इंटरप्रिटेशनची चव घ्यायची असेल तर नेदरलँड्सच्या एफ३ ब्लॉकचा खुला डेटा आणि ओपनडीटेक्ट हे सॉफ्टवेअर. विहिरींसकट पूर्ण क्षेत्र हवं असेल तर नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने २०१८ मध्ये खुला केलेला वोल्वे क्षेत्राचा डेटा. मशीन लर्निंग शीक, सगळेच शिकतायत, पण ते ३१-८१ नंतर.

मास्टर्ससाठी जुन्या सल्ल्यांवर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा. मी ट्रॉन्डहाइमला शिकले तेव्हा फी नव्हती. २०२३ च्या शरद सत्रापासून नॉर्वेत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना ती भरावी लागते. डेल्फ्ट, झुरिक आणि आखेन मिळून चालवतात तो आयडिया लीगचा अप्लाइड जिओफिजिक्सचा दोन वर्षांचा कोर्स मला आवडतो, कारण विद्यार्थी तिन्ही ठिकाणी राहतो. अमेरिकेत गोल्डनचं कोलोराडो स्कूल ऑफ माइन्स किंवा ह्यूस्टन, ऑस्ट्रेलियात पर्थचं कर्टिन. विद्यापीठ निवडताना क्रमवारी बघू नकोस. तिथे उद्योगाच्या पैशावर चालणारा संशोधन गट आहे का ते बघ. स्टॅनफर्डला जॉन क्लेअरबाउट यांनी १९७०च्या दशकात असा गट सुरू केला आणि पुढे अनेकांनी तोच धडा गिरवला. अशा गटांच्या वार्षिक बैठकीला कंपन्यांची माणसं येऊन बसतात. तू भिंतीपाशी पोस्टर घेऊन उभी असतेस, आणि नोकरीचं बोलणं तिथेच निघतं.

राहिला तेलाचा प्रश्न. तेल कधी संपेल याची चिंता तू करू नकोस, तेलाचा भाव कधी पडेल याची कर. २०१४ च्या मध्यात पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली होता. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकी डब्ल्यूटीआय तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. भाव पडला की तेल कंपन्या आधी शोधाचा खर्च कापतात आणि सिस्मिकवाले सगळ्यात आधी घरी जातात. डॉल्फिन जिओफिजिकल ही सर्व्हे कंपनी २०१५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, पोलार्कस २०२१ मध्ये बुडाली. श्लुम्बर्जेने सागरी सर्व्हेची जहाजं २०१८ मध्ये शिअरवॉटरला विकली. पीजीएस २०२४ मध्ये टीजीएसमध्ये विलीन झाली, आणि त्याच वर्षी सीजीजीचं नाव व्हिरिडियन झालं. अर्ज करताना जुन्या नावांनी शोधशील तर काही सापडणार नाही.

यात परक्या देशातल्या माणसाला दुहेरी फटका बसतो. नोकरीबरोबर व्हिसाचंही घड्याळ सुरू होतं. अमेरिकेत शिक्षणानंतरच्या ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच कामाच्या परवानगीवर, बेकारीचे एकूण ९० दिवस चालतात, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवरची एसटीईएम मुदतवाढ मिळाल्यावर १५०. एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६०. सगळ्या कंपन्या एकाच वेळी माणसं काढत असताना ६० दिवसांत दुसरी कोण घेणार? म्हणून देश निवडताना पगाराआधी हे बघ: नोकरी गेली तर तिथे किती दिवस थांबता येतं, आणि तेलाबाहेर त्याच विद्येला गिऱ्हाईक आहे का.

स्टॅव्हेंजर मला त्या हिशेबाने बरं पडलं. उत्तर समुद्रात स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड वाळूच्या थरात सोडतात, आणि तो कसा पसरतोय हे पुन्हा पुन्हा सर्व्हे करून पाहतात. माझं निम्मं काम आता असंच आहे: जुना सर्व्हे, नवा सर्व्हे, दोहोंतला फरक. पवनचक्क्यांच्या पायासाठी समुद्रतळाखालचा वरचा उथळ थर बारकाईने बघणारे सर्व्हे निघालेत, भू-औष्णिक विहिरींचेही. तिथे पगार तेलाएवढा नाही. पण लहर तीच आणि चुकासुद्धा त्याच, परवाच एका नव्या मुलाने पवनचक्कीच्या डेटात एक चॅनल सरकवला होता.

तर सध्या दोन्हीकडे अर्ज कर. क्रूची ऑफर आधी आली तर घे आणि मास्टर्सचा प्रवेश पुढे ढकलता येतो का ते विचार, बरीच विद्यापीठं एक वर्ष देतात. आणि ३१-८१ चा स्टॅक झाला की मला पाठव. स्क्रीनशॉट नको, स्क्रिप्ट पाठव.