खरवस का बसला नाही, आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात लिहिलं होतं की प्रोटीन, एन्झाइम, पचन यातलं काय हवं ते विचारा. मला वाटलं कॉलेजच्या पोरांचे परीक्षेपुरते चार प्रश्न येतील, पण आले ते जवळजवळ सगळे स्वयंपाकघरातून. बरंच झालं, कारण मी इतकी वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवतेय आणि वर्गात माना डुलायला लागल्या की शेवटी मीही दूध-दह्यावरच येते.

आमच्या दूधवाल्या भाऊंची गाय व्याली, त्यांनी लिटरभर चीक दिला. गूळ, वेलची, जायफळ घालून कुकरला शिट्टी न लावता वीस-पंचवीस मिनिटं वाफवला, तर खरवस बसलाच नाही, नुसतं गोड दूध राहिलं. सासूबाई म्हणतात त्यानं पाणी घातलं. खरंच घातलं असेल का? आणि मग साध्या दुधाचा खरवस का नाही होत? — एक वाचक, कराड

ताई, भाऊंना इतक्यात काही बोलू नका. आधी एवढंच विचारा की चीक कितव्या दिवसाचा होता, कारण सगळी गोम तिथेच आहे.

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची लांबच लांब माळ. मणी वीस प्रकारचे, पण माळ सुटी लोंबकळत राहत नाही, ती ठरलेल्या पद्धतीनं घडी घालून बसते आणि त्या प्रोटीनचं जे काय काम असतं ते त्या घडीच्या जोरावर चालतं. आता साध्या दुधात प्रोटीन असतं तीन-साडेतीन टक्के आणि त्यातलं 80 टक्के केसीन. गंमत अशी की केसीनला पक्की घडीच नसते, ते बारीक गोळे करून दुधात तरंगत असतं, आणि ज्याची घडीच नाही त्याची उकळून काय मोडणार! म्हणून दूध कितीही तापवा, आटेल, उतू जाईल, बुडाला लागेल, पण वडीसारखं बसणार नाही. उरलेल्या 20 टक्क्यांना घडी असते आणि ती गरम केल्यावर मोडतेही, पण ती एवढीशी, अख्ख्या पातेल्याला कुठे पुरणार.

चिकाचं गणितच वेगळं. पहिल्या धारेच्या चिकात प्रोटीन 14 टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यातला मोठा भाग म्हणजे अँटिबॉडी, रोगजंतूंशी लढणारी प्रोटीन. कारण गायीच्या वारेतून अँटिबॉडी वासरापर्यंत जातच नाहीत, बिचारं जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं असं संरक्षण जवळपास काहीच नसतं, आणि पहिला साधारण एक दिवस त्याचं आतडं या अँटिबॉडी न पचवता अख्ख्याच्या अख्ख्या आत घेतं. (म्हणून आधी वासराला पोटभर, मग आपला खरवस. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, शहरातल्यांसाठी लिहिलं.) या अँटिबॉडी पक्क्या घडीच्या असतात. सत्तर-ऐंशी अंशापर्यंत तापल्या की घडी सुटते, सुटलेले धागे एकमेकांत गुंततात, जाळं तयार होतं आणि सगळं पाणी त्या जाळ्यात अडकून बसतं. तोच खरवस. अंडं उकडताना होतं तेही हेच.

पण हा माल झपाट्यानं उतरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा चीक दिसायला थोडा पिवळसर असला तरी आतून बराचसा दूधच झालेला असतो. तेव्हा पाणी घातलं असेलही, मी काय भाऊंची जामीन नाही, पण न घालताही असं होतंच. माझी आई आधी वाटीत दोन चमचे चीक वाफवून बघायची. दगडासारखा बसला तर बरोबरीनं दूध, मऊ बसला तर थोडंसंच, आणि थरथरत राहिला तर दूध अजिबात नाही.

साध्या दुधाचा ‘खरवस’ करतात तो मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क आणि दही घालून वाफवतात, त्यात खरी करामत दह्याची. केसीनचे गोळे एकमेकांना लांब ढकलत असतात कारण सगळ्यांवर एकच, ऋण प्रभार असतो. आंबटपणा वाढून पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या आसपास आला की हा प्रभार संपतो आणि गोळे एकमेकांना चिकटतात. हे हळूहळू झालं तर दही लागतं, लिंबू पिळून एकदम झालं तर पनीर, आणि चहाच्या वेळेला झालं तर दूध नासलं म्हणायचं.

मुलाच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचा डाग पडला. लवकर निघावा म्हणून कडक पाण्यात भिजवला तर जास्तच पक्का झाला. — एक आई, नाशिक

शर्टावर खरवस लावलात. रक्तात प्रोटीनच प्रोटीन, कडक पाण्यानं त्याची घडी सुटून ते कापडाच्या धाग्यात गुंतलं. रक्त, अंडं, दूध, असले डाग आधी गार पाण्यात. आता एन्झाइमवाली पावडर कोमट पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, त्यातलं प्रोटिएज हे एन्झाइम (एन्झाइम म्हणजे एखादं ठरावीक रासायनिक काम झटपट करून देणारा पदार्थ) प्रोटीनची माळ कातरत जातं आणि तुकडे पाण्याबरोबर निघतात. फक्त पैठणी त्या बादलीत चुकूनही नको, कारण रेशीम हेसुद्धा प्रोटीनच, लोकरही. प्रोटिएजला डाग कुठला आणि पदर कुठला ते कळत नाही.

मी नातवासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून पेज करते. सून म्हणते ही पेज पाण्यासारखी होते, साध्या पिठाची कशी दाट होते, मोड आणल्यानं पिठातलं सत्त्वच निघून जातं. खरं काय? — एक आजी, रत्नागिरी

आजी, पेज पातळ होते हे सुनेचं बरोबर, सत्त्व जातं हे चूक.

दाटपणा येतो स्टार्चमुळे. त्याच्या लांब साखळ्या गरम पाण्यात फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. दाण्याला मोड येतो तेव्हा कोंबाला खायला साखर लागते, आणि त्यासाठी दाणा स्वतःच अमायलेज नावाचं एन्झाइम तयार करतो, ते या साखळ्या तोडतं. तुम्ही दाणे वाळवले, दळले, तरी ते एन्झाइम पिठात शाबूत राहतं, आणि पेज गॅसवर तापत असताना साधारण साठ अंशाच्या आसपास ते जोरात काम करून टाकतं. पुढे उकळी आली की त्याचीही घडी मोडते आणि ते बंद पडतं, पण तोवर साखळ्या तुटलेल्या असतात.

सुनेला प्रयोग करून दाखवा. तांदळाची दाट, चमचा उभा राहील अशी पेज दोन वाट्यांत घ्या. उकळती नको, बोटाला चटका बसेल इतपत गरम. एका वाटीत मोडाच्या नाचणीचं पीठ चमचाभर टाकून ढवळा, दुसरीत साध्या नाचणीचं. दहा मिनिटांत पहिली वाटी ओघळायला लागते, दुसरी आहे तशीच. (बाळाला द्यायच्या आधी परत एक उकळी काढा, हे प्रयोगाचं पीठ कच्चं असतं.) आणि यातच फायदा आहे. वर्षाच्या पोराचं पोट केवढंसं, दाट पेज चार चमच्यांत नको म्हणतं. मोडाचं पीठ असलं की तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घालता येतं आणि पेज तरीही गिळण्यासारखी राहते. म्हणजे पीठ मात्र वाढवायला हवं हं, नाहीतर सुनेचंच खरं होईल. घरात कुणाला डायबेटिस असेल तर त्यांना मात्र ही पेज जपून, अर्धवट तुटलेला स्टार्च रक्तात लवकर पोचतो.

तुम्ही जे करता ते 1833 साली पॅरिसमध्ये पायाँ आणि पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या बार्लीवर केलं, त्यातून त्यांनी वेगळा काढलेला पदार्थ म्हणजे नीट ओळखलं गेलेलं पहिलं एन्झाइम. ते असतं कशाचं यावर मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षं भांडणं. अमेरिकेत जेम्स समनर नावाच्या माणसानं 1926 साली जॅकबीनच्या बियांतून, म्हणजे आपल्या अबईच्या भावकीतल्याच शेंगा, युरिएज या एन्झाइमचे खडे करून दाखवले आणि सांगितलं की हे प्रोटीन आहे. शिकारीच्या अपघातात एक हात गेलेला माणूस, लॅबचं सगळं काम उरलेल्या हातानं करायचा. मोठमोठ्यांनी त्याला उडवून लावलं, नोबेल मिळालं ते वीस वर्षांनी, 1946 ला. वर्गात हे सांगितलं की झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात.

मी जिमला जातो. ट्रेनर म्हणतो रोज सहा कच्ची अंडी फोडून प्यायची, शिजवलं की प्रोटीन मरतं. आणि बहीण चेहऱ्यासाठी कोलॅजनची पावडर घेते, तिचा उपयोग होतो का? — एक वाचक, सोलापूर

अरे बाबा, प्रोटीन मेलेलंच बरं. पोटात गेल्यावर पहिलं काम कुठलं, तर घडी मोडून माळ कातरायची आणि मणी सुटे करायचे. शिजवताना घडी आधीच मोडलेली असते, त्यामुळे एन्झाइमला कात्री लावायला जागा मिळते. बेल्जियममध्ये 1998 साली हे मोजलंय, शिजवलेल्या अंड्यातलं 90 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन पचलं आणि कच्च्यातलं जेमतेम 50. म्हणजे सहातली तीन अंडी तू फुकट पितोस, वर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या बॅक्टेरियाची भीती, आणि कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन नावाचं प्रोटीन बायोटिन हे व्हिटॅमिन धरून ठेवतं ते वेगळंच. उकडून खा.

बहिणीला सांग की कोलॅजन खाल्लं की ते सरळ गालावर जाऊन बसत नाही. ते पचतं, त्याचे मणी आणि काही छोटे तुकडे रक्तात जातात आणि शरीर ते हवे तिथे वापरतं. वर प्रोटीन म्हणूनही ते लंगडं, कारण ट्रिप्टोफॅन हा एक आवश्यक मणी त्यात नसतोच. त्या डब्याच्या पैशात महिनाभराची डाळ आणि अंडी येतील.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबानं मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. तू वजनं उचलतोस तर तुला जास्त लागेल, मान्य. पण आधी घरचं वरण बघ, त्यात डाळ किती आणि पाणी किती. मूठभर, तीसेक ग्रॅम डाळीत सहा-सात ग्रॅम प्रोटीन येतं. डाळीत मिथिओनिन हा मणी कमी, भातात लायसिन हा मणी कमी, एकत्र जेवलं की एकाची उणीव दुसरा भरतो, म्हणून नुसत्या भातापेक्षा वरणभात कितीतरी चांगला.

दूध प्यायलं की पोट डब्ब होतं, गुडगुडतं, पण दही-ताक कितीही चालतं. आई म्हणते नाटकं आहेत. — एक विद्यार्थिनी, अमरावती

नाटकं नाहीत. दुधातली साखर, लॅक्टोज, तोडायला लॅक्टेज हे एन्झाइम लागतं आणि जगात बहुतेकांच्यात ते लहानपणानंतर कमी होत जातं. न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले बॅक्टेरिया तिच्यावर ताव मारतात आणि गॅस करतात, झालं तुझं गुडगुड. दह्यातल्या बॅक्टेरियांनी थोडं लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं आणि पोटात गेल्यावर त्यांचं स्वतःचं एन्झाइमही कामाला येतं. कपभर दूध जेवणाबरोबर घेऊन बघ, रिकाम्या पोटी नको. वजन उतरत असेल किंवा शौचाला रक्त पडत असेल तर मात्र घरगुती तर्क न लढवता डॉक्टर.

चाळिशी ओलांडली आणि मेटाबॉलिझम स्लो झालं, काही न खाता वजन वाढतं. रोज सकाळी कोमट लिंबूपाणी घेते, फरक शून्य. — एक वाचक, ठाणे

मेटाबॉलिझम म्हणजे शरीरातलं सगळं तोडणं आणि बांधणं मिळून. खाल्लेलं तोडून त्यातून एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, करायचं आणि ते मोडून हृदय, मेंदू, स्नायू चालवायचे. आपल्या अंगात कुठल्याही क्षणी एटीपी असतं 50 ग्रॅमच्या आसपास, पण तेच मोडत-जोडत दिवसभरात फिरतं जवळजवळ आपल्या वजनाइतकं! हे एटीपी शोधणाऱ्यांत, 1929 साली, आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हार्वर्डला फिस्क यांच्याबरोबर. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

आता चाळिशीचं. 2021 मध्ये 29 देशांतल्या सहा हजारांवर लोकांच्या ऊर्जेच्या खर्चाचं मोजमाप ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत छापून आलं, आणि त्यात असं दिसलं की शरीराच्या आकाराचा हिशोब लावला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास तसाच राहतो, साठीनंतर हळूहळू उतरतो. म्हणजे ताई, दोष चाळिशीचा नाही. चालणं कमी झालं, स्नायू कमी झाले, पोरांच्या डब्यातलं उरलेलं आपल्या पोटात गेलं (हे मी स्वतःवरून सांगतेय, ‘काही न खाता’मध्ये ते कधीच मोजलं जात नाही). एकदा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, थायरॉइड खरंच मंद असेल तर खर्च खरंच उतरतो आणि त्यावर साधी गोळी आहे. लिंबूपाण्यानं एन्झाइमचं काही हलत नाही. आवडत असेल तर प्या, उन्हात मीही पिते, फक्त त्यात साखर किती चमचे पडते ते पुढच्या पत्रात कळवा.