नारळ उभा राहिला, पण पाणी कोणी दाखवलं?

प्रश्न : आगरात विहीर खणायची आहे. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून फेरी मारली आणि दोन ठिकाणी नारळ उभा राहिला. सासरे म्हणतात, वाडीतल्या सगळ्या विहिरी त्यानेच दाखवल्यात. मुलगा म्हणतो, शुद्ध थोतांड. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, ता. राजापूर

उत्तर : नारळ आणि तो धरणारा माणूस, दोघांची परीक्षा वेगवेगळी घ्या.

नारळ खरंच उभा राहतो, आणि पाणाडी लबाडी करतोच असं नाही. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मांडलं. तळहात जरासा कलला तरी नारळाला पुरतं. तोच नारळ भरल्या विहिरीच्या काठाशी, स्टुलावर ताटलीत आडवा ठेवून पाहा.

पाणाडी म्हणेल, शक्ती हातात आहे. ठीक, हात तपासा. दाखवलेल्या जागांची अंतरं गडग्यापासून टेपने मोजून लिहा, जमिनीवर खूण ठेवू नका. मग त्याचे डोळे बांधून, वेगळ्या टोकाकडून तीनदा फिरवा. घोळ होतो तो इथे : हात धरून नेणाऱ्याला जागा ठाऊक असली तर तोच तिथे नकळत थबकतो. त्यासाठी बाहेरचा माणूस घ्या. किती फुटांच्या आत आलं तर बरोबर, तेही आधीच कागदावर ठरवा. नाहीतर ‘जवळपास आलंच की’ला अंत नाही.

सासऱ्यांच्या दाखल्याचं म्हणाल तर कोकणात पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास. जांभा सच्छिद्र, खाली चिकण थर. दिवाळीच्या सुमारास खणलं तर पुष्कळ ठिकाणी पाणी लागतं, आणि तेच उतारावरच्या झऱ्यांवाटे निघून जातं. खरी कसोटी मे महिन्यात. पाणाड्याने दाखवलेल्या किती विहिरी मेमध्ये आटतात आणि त्याला न विचारता खणलेल्या किती, दोन्ही मोजा.

एवढं करून नारळ नापास झाला, तरी माणसाला वाटेला लावू नका. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अध्यायच आहे, त्यात उंबर, वारूळ अशा खुणांवरून पाणी शोधायला सांगितलंय. जन्मभर रानातून हिंडलेल्याची नजर असल्या खुणा टिपत असेल. नारळ खाली ठेवायला सांगा आणि विचारा, ‘हीच जागा का?’ उत्तरात घळ, उन्हाळ्यातही हिरवा राहणारा पट्टा असं काही आलं तर लिहून घ्या.

मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. विद्युत रोधकता चाचणी (जमिनीत वीज सोडून ती किती अडते यावरून खालच्या पाण्याचा अंदाज घेणं) होणार असेल तर तिथेही डोळे उघडे ठेवा. कोरड्या कातळावर इलेक्ट्रोडचा, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या धातूच्या खुंट्यांचा, संपर्क नीट होत नाही, म्हणून खुंट्यांपाशी मिठाचं पाणी ओततात. ते न करताच आकडे घेतले, तर यंत्रावरही पाणाड्याइतकीच शंका घ्या.