गुरुवारचा मासा

जुलैमधली पावसाळी दुपार. नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या मुलांच्या समुपदेशनाच्या खोलीत शिरल्या शिरल्या, ओली छत्री कुठे ठेवायची हे विचारायच्याही आधी त्या आईने विचारलं, "मॅडम, त्यांनी तो सीन पिक्चरमधून काढून टाकला होता ना? मग काढलेला सीन लोकांना दाखवायचाच कशाला?"

मागोमाग वडील आले, आणि त्यांचा हात घट्ट धरून त्यांची सात वर्षांची लेक. तिला मी इथे चिंगी म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बाकीचं घडलं तसंच सांगते.

तक्रार अशी होती. शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला आणि चिंगीचं रडणंही सुरू झालं. बाबांनी स्कूटरची किल्ली उचलली की ती त्यांच्या पायांना मिठी मारायची. आभाळ कोरडं असेल तर काही नाही, पण ढग दिसला की संपलं. बाबांची नोकरी बुटीबोरीला. वर्धा रोडने रोजचं जाणं-येणं, आणि नागपूरचा पाऊस काही किल्ली बघून थांबत नाही. "सकाळपासून आभाळाकडेच पाहून राहिली पोट्टी," असं आजी म्हणते, हे आईने आजीच्याच सुरात सांगितलं.

आईच्या मते दोष एका व्हिडिओचा होता. २०२५च्या मे महिन्यात 'लिलो अँड स्टिच'चा नवा, खऱ्या माणसांचा सिनेमा आला. तो थेटरात पाहून चिंगी खूश झाली, म्हणून घरी जुना, २००२चा ॲनिमेशनपट लावून दिला. तो तिने चार-पाच वेळा पाहिला. मग एक दिवस आईच्या मोबाइलवर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू झाला, तो त्या सिनेमातून काढून टाकलेल्या प्रसंगाचा. लिलो या लहान मुलीचा पज नावाचा समुद्रातला एक मासा आहे. काढलेल्या प्रसंगात स्टिच या तिने पाळलेल्या परग्रहावरच्या प्राण्याच्या उपद्व्यापामुळे समुद्रपक्षी त्या माशाचा जीव घेतात. पडद्यावर आलेल्या सिनेमात यातलं काहीच नाही. तिथे पज शेवटपर्यंत सुखरूप.

वडिलांचं मत उलटं. सिनेमाचे शौकीन गृहस्थ. "सीन ठेवायला हवा होता," ते म्हणाले. "आपली पोरं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मिरवतात आणि त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे जळताना पाहतात. तिकडे एक मासा मेलेला चालत नाही?" मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट ऐकवली, जी खरीच आहे. याच सिनेमाच्या शेवटच्या पाठलागात आधी स्टिच एक मोठं प्रवासी विमान शहरातल्या इमारतींमधून नेतो असं रंगवलं होतं. सप्टेंबर २००१मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि त्या विमानाचं अंतराळयान झालं, इमारतींचे डोंगर झाले. "ते बदललं ते समजू शकतो," ते म्हणाले. "पण मासा?"

नवरा-बायकोचा हा वाद महिनाभर चालला होता, हे त्यांच्या बोलण्यातल्या सराईतपणावरून कळत होतं. एकाने वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्याने डोळे मिटून घ्यावेत.

असे आई-बाप माझ्याकडे वरचेवर येतात. प्राणी वेगळा, सिनेमा वेगळा, प्रश्न तोच: हे पाहून पोरीच्या मनावर परिणाम झाला का, आणि मुलांच्या सिनेमात मरण असावंच का? असावं का हे विचारण्याआधी ते किती आहे ते पाहायला हवं. २०१४मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला होता. मुलांच्या ४५ गाजलेल्या ॲनिमेशनपटांची मोठ्यांच्या सिनेमांशी तुलना केली, तर मुलांच्या सिनेमातल्या मुख्य पात्रांवर मरायची वेळ यायचा धोका अडीच पट निघाला. आईबाप तर तिथे सर्रास मारले जातात. 'लिलो अँड स्टिच'मध्येही लिलोचे आईवडील अपघातात गेलेलेच आहेत. मरण टाळूनच दाखवायचं म्हटलं तर घरात फार थोडे सिनेमे उरतील.

मला स्वतःला विचाराल तर तो प्रसंग काढला ते बरोबर केलं. मासा मेलेला मुलांना सोसत नाही म्हणून मी हे म्हणत नाही. त्या सिनेमाने मरणाचं सगळं ओझं आधीच, फार हलक्या हाताने, त्या माशाच्या पाठीवर ठेवलेलं आहे. लिलो दर गुरुवारी पजला पीनट बटरचं सँडविच नेऊन घालते. का, तर पज हवामान ताब्यात ठेवतो असं तिला वाटतं. पुढे एका ठिकाणी ती स्टिचला सांगते, की पाऊस पडत होता आणि आईबाबा गाडीने बाहेर गेले होते. बस्स. या दोन गोष्टी सिनेमा कुठेही जोडून दाखवत नाही. त्या पोरीने जोडल्या आहेत. वर पुन्हा मासा मारून दाखवला असता तर तेच दोनदा, आणि तेही मोठ्याने, सांगितल्यासारखं झालं असतं.

हे मी त्या दिवशी त्या दोघांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. पाऊस, गाडी, मासा, सगळं माझ्याच तोंडून बाहेर पडलं, आणि समोर काय बसलं आहे ते मला दिसलं नाही! चिंगीला जवळ घेऊन मी म्हणाले, "ते नुसतं चित्र आहे गं. पजला काही झालेलं नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. लहान मुलं खोटं बोलणाऱ्या मोठ्यांकडे पाहतात ना, तसं. पहिली भेट तिथेच वाया गेली.

दुसऱ्या भेटीत आईने जाता जाता एक किरकोळ कुरकुर केली. "आणि काय करते माहीत आहे का? माशाच्या भांड्यात पोळीचे, ब्रेडचे तुकडे टाकते. परवा तर शेंगदाण्याची चटणी लावलेला ब्रेड! पाणी सगळं नासलं, वास सुटला. आजी बिचारी धुऊन धुऊन थकली."

"परवा म्हणजे कधी?"

"गुरुवारी."

मी पेन खाली ठेवलं. त्यांच्या घरी मासा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीत मी चिंगीला कोऱ्या कार्डांचा गठ्ठा दिला. ॲनिमेशनचा सिनेमा बनतो तो आधी असाच. गोष्टीची साधी रेखाटनं फळीवर ओळीने लावतात, त्यांना तात्पुरते आवाज देऊन पाहतात, एखादं काढतात, दुसरं पुढे-मागे करतात. सेकंदाला २४ चौकटी लागतात, तेव्हा पूर्ण चितारून मग फेकणं परवडत नाही, म्हणून बहुतेक काटछाट या टप्प्यावर होते. हे तिला फार आवडलं. 'फाइंडिंग निमो'ची गोष्टही सांगितली. त्यात निमो या छोट्या माशाची आई मरते तो प्रसंग आधी तुकड्या-तुकड्यांनी, आठवणी म्हणून, सिनेमाभर पेरलेला होता. मग तो उचलून एकसंध असा सुरुवातीलाच ठेवला. तोवर बाप उगाच धास्तावलेला, कटकट्या वाटत होता. आधी काय घडलं ते कळल्यावर त्याचीच माया येऊ लागली.

"म्हणजे काढला नाही? जागा बदलली?" चिंगीने विचारलं.

"हो."

ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मी माझ्या माशाचा बनवू?"

पहिल्या कार्डावर काचेचं भांडं आणि नारिंगी मासा. दुसऱ्यावर तेच भांडं गॅलरीत. वर भलामोठा सूर्य, त्याला चेहरा नाही. (या वयाची मुलं सूर्याला हमखास डोळे-तोंड काढतात.) तिसऱ्यावर मासा आडवा, पोट वर. चौथ्यावर रात्र, कूलर, पलंगावर झोपलेली मुलगी. पण मुलीचे डोळे उघडे. पाचव्या कार्डावर दार, दारात बाबा, आणि बाबांच्या हातात रबर लावलेली पाण्याची पिशवी. पिशवीत नारिंगी ठिपका.

आई बाजूच्या खुर्चीवर होती. तिचा हात तोंडाशी गेला.

झालं होतं ते असं. एप्रिलच्या शेवटी, घरात कोंडून कंटाळलेल्या माशाला 'बाहेर खेळायला' म्हणून चिंगीने भांडं गॅलरीत नेऊन ठेवलं आणि दुपारी झोपली. नागपूरचं ऊन. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो; त्या एवढ्याशा भांड्यात मासा कितीसा तगणार? आईबाबांना तो संध्याकाळी सापडला. पोरीला वाईट वाटू नये म्हणून बाबा रात्री बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले आणि अगदी तसाच दुसरा घेऊन आले. चिंगीला काही कळलं नाही, अशी त्यांची अडीच महिने खात्री होती.

मी कार्डांकडे बोट दाखवून विचारलं, "मग हा नवीन मासा ब्रेड खातो का?"

"नाही ना," ती म्हणाली. "हा नवीन आहे. त्याला येत नसेल."

"काय येत नसेल?"

"पाऊस."

आता तिचं गणित तिच्या बाजूने मांडून पाहा. पाऊस सांभाळणारा मासा असतो. पावसात आईबाबा गाडीने गेले की परत येत नाहीत. आपल्या घरचा मासा आपण मारला. तो व्हिडिओ पाहीपर्यंत हे सगळं बहुधा धूसरच असेल. पण व्हिडिओत कुणाच्या तरी उपद्व्यापाने मासा मेला, आणि नंतर मोठ्या माणसांनी तो भागच काढून मासा पुन्हा धडधाकट करून ठेवला. तिच्या घरी नेमकं हेच घडलेलं होतं. त्या व्हिडिओने तिच्या डोक्यात काही नवं घातलं नाही. आपल्याला दिसलं ते खरं होतं, एवढीच खूण तिला तिथे पटली.

या वयात आणखी एक अडचण असते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२च्या त्याच्या पुस्तकात कपांची गोष्ट दिली आहे. एका मुलाच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात, दुसरा चोरून मुरंबा काढताना एक फोडतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुधा पंधरा कपवाल्याला दोषी धरतात. हेतू नंतर येतो, आधी कपांचे तुकडे मोजले जातात. चिंगीला कुणी "तू मुद्दाम नाही केलंस" असं म्हटलं नव्हतं, कारण तिने काही केलंय हेच घरात कुणी बोललं नव्हतं. या न बोलण्याचा तिने लावलेला अर्थ असा, की आपण केलं ते इतकं भयंकर आहे, की आईबाबाही त्याचं नाव काढत नाहीत.

आई रडली. वडील मात्र चिडले, माझ्यावर नाही, स्वतःवर. "मी महिनाभर सांगतोय, मुलांना खरं दाखवायला पाहिजे," ते म्हणाले, "आणि पिशवी माझ्याच हातात." मी त्यांना म्हटलं, मासा बदलणारे तुम्ही पहिले नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या घरांत पोपट बदललेले आहेत, कासवं बदललेली आहेत, 'गावाला गेलेले' आजोबा तर कितीतरी. सगळे प्रेमापोटीच करतात. पण ज्या मुलाने पिशवी पाहिलेली आहे त्याला त्या प्रेमाचा उपयोग नसतो.

असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी सांगते ते थोडक्यात इथेच सांगून टाकते. मोबाइलवरचं आपोआप चालू होणारं 'पुढचं' बंद ठेवा. मुलाने काही पाहिलंच असेल तर तो व्हिडिओ लपवू नका, शेजारी बसून पुन्हा पाहा आणि मुलाला बोलू द्या. मेलेल्याला 'झोपला' म्हणू नका. मुलं मग झोपायला घाबरतात. आणि काही आठवडे झाले तरी झोप, जेवण, शाळा यांचा ताळ सुटलेलाच राहिला तर कुणाला तरी दाखवा.

चिंगीला सांगायचं काय, यावर आम्ही तिघांनी एक अख्खा तास घालवला. आईचं म्हणणं, तुळशीच्या कुंडीत पुरला असं सांगू. मी नको म्हटलं. एक मासा लपवून झाला होता, आता त्याची कुंडी कशाला? शेवटी चौथ्या भेटीत बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. मासा उन्हाने मेला. तुला ऊन इतकं असतं हे माहीत नव्हतं, ते तुला सांगणं आमचं काम होतं. आम्ही नवा आणला आणि तुला सांगितलं नाही, ते चुकलं. पाऊस कुठल्याच माशाच्या हातात नाही. मी रेनकोट घालतो, हेल्मेट घालतो, फार जोरात आला तर पुलाखाली थांबतो, आणि पोचलो की आजीच्या फोनवर फोन करीन.

चिंगीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पहिला कुठे आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"मला तेव्हा सुचलं नाही, बाळा. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकला."

ती रडेल असं आम्हा तिघांनाही वाटलं. तिने भुवया आक्रसल्या. "कोणत्या कागदात?"

"पेपरच्या."

"कोणत्या पानात? चित्रवाल्या?"

बाबांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. "छोट्या जाहिरातींचं पान होतं बहुतेक."

चिंगीने नवीन कार्ड घेतलं. त्यावर चौकोन काढला, चौकोनात मुंग्यांसारखी बारीक बारीक अक्षरं, आणि एका टोकाला बाहेर डोकावणारी नारिंगी शेपटी. मग ती उठली, फळीवरचं पिशवीचं पाचवं कार्ड एक घर पुढे सरकवलं आणि मधल्या जागेत हे लावलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"आता याला नाव ठेवू," ती म्हणाली. "त्या दुसऱ्याला. याला अजून नावच नाही."

त्यानंतर ती दोनदा आली. पोळ्यापर्यंत किल्लीचं रडणं थांबलं होतं, ढग दिसला की एकदा खिडकीशी जाणं उरलं होतं. बुटीबोरीहून फोन येतो, तो तीच उचलते. गुरुवारचा ब्रेड मात्र चालू आहे, भांड्यात न टाकता आजीच्या बशीत. चटणी लावून.

नाव काय ठेवलं ते तिने मला सांगितलं नाही. घरचं आहे म्हणाली.