‘कॉड’ला ‘घोळ’ म्हणावे काय?

कोथरूडच्या एका वाचक भगिनी मुलांसाठीच्या समुद्रविषयक पुस्तिकेचे भाषांतर करीत आहेत. कॉड आणि घोळ हे दोन्ही मोठे, पांढऱ्या मांसाचे मासे असल्याने ‘कॉड’साठी ‘घोळ’ लिहिले तर चालेल काय, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही.

कॉड हा उत्तर अटलांटिकचा मासा असून नॉर्वे, आइसलँड, न्यूफाउंडलंड यांच्या किनाऱ्यांलगतच्या थंड पाण्यात तो बहुधा तळालगत वावरतो. पाठीवर तीन पर, हनुवटीखाली एकच मिशी आणि कुशीवरून गेलेली फिकट रेघ ही त्याची ओळख. घोळ उबदार समुद्रातला आणि निराळ्याच कुळातला. शिवाय कॉडची चरबी मांसात नव्हे, यकृतात साठते, म्हणून तर त्याच्या यकृताचे तेल काढतात. पुस्तिकेत हा उल्लेख आला, तर ‘घोळीच्या यकृताचे तेल’ असे काहीतरी लिहावे लागेल.

अशा उसन्या नावाने काय होते, ते रावसावरून दिसते. आपल्याकडच्या हॉटेलांत त्याला सर्रास ‘इंडियन सॅमन’ म्हणतात; पण गणेश पेठेतल्या मासळी बाजारात रावस उलटा करून पाहिलात, तर छातीच्या पराखाली चार सुटे तंतू लोंबताना दिसतील, जे सॅमनला मुळीच नसतात.

तेव्हा ‘कॉड’च लिहावे, मात्र अर्धचंद्र विसरू नये. त्याच्या जागी मात्रा पडली की ‘कॉडचे तेल’ हे ‘कोडचे तेल’ होते आणि वाचणाऱ्याला अंगावरच्या पांढऱ्या डागांवरचे औषध वाटते! (मुद्रितशोधकाच्या हातून असे निसटलेले मी पाहिले आहे.) शब्द पुल्लिंगी ठेवावा. सामान्यरूप ‘कॉडाचे’ असे करणे व्याकरणाला धरून असले, तरी कानाला ‘कॉडचे’ बरे वाटते, जसे ‘बसचे’. ‘शीतजलीय अधिवास’ मुलांसाठी फारच जड आहे. ‘थंड पाण्यात राहणारा’ एवढे पुरे.

शेवटच्या प्रकरणातल्या वाळवलेल्या कॉडला त्यांनी ‘खारा मासा’ म्हटले आहे, तेही बदलावे. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर हा मासा मीठ न लावताच लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात वाळवतात. त्यामुळे आपल्या सुक्या बोंबलाच्या चालीवर ‘सुका कॉड’ म्हणणेच योग्य.