पोटाचे दुखणे रेंगाळले, तर पुन्हा डॉक्टरांकडे केव्हा जावे?

प्रश्न : माझे वय 42 आहे. सुमारे पाच आठवड्यांपूर्वी मला एकाएकी उलट्या आणि जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी तपासून ‘विषाणूंमुळे झालेला त्रास आहे, आठवड्याभरात बरे वाटेल’ असे सांगितले आणि औषधे दिली. उलट्या दोन दिवसांत थांबल्या. परंतु अजूनही दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौचास होते आणि पोटात मुरडा येतो. ताप नाही, रक्त पडत नाही. मात्र कमरेचा पट्टा आता एक भोक आत लावावा लागतो. आणखी वाट पाहावी का? पुन्हा गेलो, तर माझा विश्वास नाही असे डॉक्टरांना वाटणार नाही ना?

उत्तर : आपण पुन्हा जावे, आणि तेही याच आठवड्यात. आपल्या शेवटच्या शंकेचे निरसन आधी करतो, कारण त्या संकोचापायीच अनेक रुग्ण दुखणे अंगावर काढतात. जुलाबांच्या पहिल्या भेटीतले निदान बहुतेक वेळा लक्षणांवरूनच केलेले असते. विषाणूंमुळे होणारे जुलाब सहसा आठवड्याच्या आत आपोआप थांबतात, त्यामुळे त्या वेळी शौचाची तपासणी करण्याची गरज क्वचितच भासते. त्या दिवशीचा तो अंदाज योग्यच होता. पाच आठवड्यांनंतर मात्र डॉक्टरांसमोरचा प्रश्नच बदललेला असतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेले जुलाब रेंगाळलेले आणि चार आठवड्यांपलीकडे गेलेले दीर्घकालीन मानले जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर संशयाचा रोख वेगळ्या कारणांकडे वळतो.

यांपैकी काही कारणे साधी असतात. संसर्गाने लहान आतड्याचे अस्तर दुखावले, तर दुधातील साखर पचवणारे विकर काही आठवडे कमी पडते आणि दूध घेतल्यावर पोट फुगून जुलाब होतात. काहींच्या बाबतीत जंतू निघून गेले, तरी आतडे बराच काळ हळवे राहते. जिआर्डियासारखा परजीवी असेल, तर नेमके औषध मिळेपर्यंत त्रास चालू राहू शकतो. तो प्रत्येक वेळी शौचात सापडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे नमुने मागितले जातात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधे यांमुळेही शौचास पातळ होते, आणि अलीकडे प्रतिजैविके घेतली असतील, तर त्यानंतर होणाऱ्या आतड्याच्या एका विशिष्ट संसर्गाचा विचार करावा लागतो. याखेरीज गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक विकार, आतड्याचा दीर्घकालीन दाह आणि थायरॉईडची अतिक्रियाशीलता हीदेखील कारणे आहेत. ती घरबसल्या ओळखता येत नाहीत.

आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पट्ट्याची आहे. नुसत्या हळव्या झालेल्या आतड्यामुळे सहसा वजन घटत नाही, आणि शौचासाठी झोपेतून उठावेही लागत नाही. प्रयत्न न करता काही महिन्यांत वजन 5 टक्क्यांनी उतरणे, म्हणजे 70 किलोच्या माणसाचे साडेतीन किलो कमी होणे, हे तपासणीसाठी पुरेसे कारण आहे. म्हणून जाण्यापूर्वी एकदा वजन करून आकडा लिहून न्यावा. त्याच कागदावर दिवसातून किती वेळा शौचास होते, रात्री उठावे लागते का, त्रास कशाने वाढतो आणि कोणकोणती औषधे चालू आहेत, हेही असावे. रक्ताल्पता, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा सीलिअॅक विकार असणे, आणि पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने बदल होणे, या बाबी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण सांगाव्यात. तोवर गहू मात्र आपल्या मनाने बंद करू नये. तो बंद असताना केलेली सीलिअॅकची रक्तचाचणी विकार असूनही निर्दोष येऊ शकते. तसेच मागच्या वेळची उरलेली प्रतिजैविके पुन्हा घेऊ नयेत.

काही लक्षणे दिसल्यास मात्र ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी : शौचातून रक्त जाणे, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, हे खरे, पण तो निवाडा डॉक्टरांवर सोडावा), 39 अंश सेल्सिअसच्या वर ताप, एकाच जागी टिकून वाढत जाणारी पोटदुखी, दिवसभर पाणीही पोटात न ठरणे, किंवा उभे राहताच घेरी येणे. रक्त किंवा तीव्र ताप असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाईडसारखी गोळी स्वतःहून घेऊ नये, कारण काही संसर्गांत तिने गुंतागुंत वाढते.

प्रश्न : माझ्या आईचे वय 74 असून तिला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. कालपासून तिला जुलाब होत आहेत. तिच्या बाबतीतही दोन आठवडे थांबावे का?

उत्तर : नाही. वर दिलेली मुदत आईंना लागू नाही. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, आणि त्यात ही गोळी शरीरातील पाणी व क्षार आणखी कमी करते. त्यामुळे ती चालू ठेवावी की तात्पुरती थांबवावी, हे आजच डॉक्टरांना विचारून घ्यावे. तोपर्यंत क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवून ते पाणी घोटाघोटाने देत राहावे. आठ तास लघवी झाली नाही, किंवा आई गोंधळल्यासारखे बोलू लागल्या, तर त्यांना थेट रुग्णालयात न्यावे. तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांच्या बाबतीतही पहिल्या दिवशीच डॉक्टरांशी बोलावे.